परक्या शहरातले पहिले चार दिवस

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, मी सातवी पास बाई, मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, "तुम्ही एकट्या तंजावरला राहून आलात ना, तेच सांगा." एवढे मला सांगता येईल असे वाटले, म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

मी यात्रेचे वर्णन करणार नाही. परक्या शहरात बाई एकटी उतरली, तर पहिल्या चार दिवसांत तिने आपले बस्तान कसे बसवावे, एवढाच माझा विषय आहे.

आधी मी गेले का, ते सांगते. २०२३ साली माझ्या थोरल्या मुलीला अन्नप्रक्रियेच्या पुढच्या शिक्षणासाठी तंजावरला प्रवेश मिळाला. घरात आनंद झाला तो एक दिवस. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारले, "तिथं आपलं माणूस कोण?" कोणीच नव्हते. भाषा निराळी, अन्न निराळे, मिरजेपासून दोन रात्रींचा प्रवास. फी भरायला पंधरा दिवसांची मुदत होती. मुलीची इकडची शेवटची परीक्षा चालू होती आणि यजमानांना दुकानातून रजा नव्हती. नाही म्हणावे तर पोरीचे आयुष्याचे नुकसान, हो म्हणावे तर आमच्या जिवाला घोर. मग मी म्हटले, जे गाव आपण पाहिलेलेच नाही, त्याला होकार कशाच्या जोरावर द्यायचा आणि नकार तरी कशाच्या जोरावर द्यायचा? मी जाते. पोरीला जसे राहावे लागणार आहे तशीच राहून पाहते. एकटी, पाठीवर एक पिशवी घेऊन, कोणाची ओळख न काढता.

घरात बरेच बोलणे झाले. पण भगिनींनो, एक विचार करा. इथे बसलेल्या आपण बहुतेक सगळ्याजणी अठराव्या-विसाव्या वर्षी एक ट्रंक घेऊन परक्या गावात उतरलो. पाणी कधी येते, पीठगिरणी कुठे, कोणाशी किती बोलायचे, हे सगळे आपण पाहता पाहता शिकलो. त्याला कोणी धाडस म्हटले नाही. मग पंचेचाळिसाव्या वर्षी, संसाराचा एवढा अनुभव गाठीला असताना, आपण एखाद्या शहराला भ्यावे का?

मुलीची कॉलेजची सॅक मी घेतली. दोन साड्या, एक पंजाबी पोशाख, पंचा, कपडे वाळत घालायला सुतळी, एक लहान कुलूप, सुईदोरा, तापाची व पोटाची औषधे, पाण्याची बाटली. वाण्याच्या तराजूवर सॅक ठेवून पाहिली, सहा किलो भरली. आपले ओझे आपल्याला जिन्यावरून एका दमात नेता आले पाहिजे, हमालाची वाट पाहावी लागू नये, असा माझा हिशेब होता. पैसे तीन ठिकाणी ठेवले. आधार कार्डाची एक प्रत निराळी ठेवली. सासूबाई माझ्या जाण्याच्या विरुद्ध होत्या, पण निघायच्या दिवशी पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनीच बांधून दिली. साडीवर सॅक अडकवून मी फलाटावर उभी राहिले तेव्हा लोक वळून वळून पाहत होते. पाहू दिले.

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बंगळूर, तिथे दिवसभर स्टेशनच्या बायकांच्या खोलीत विश्रांती, आणि रात्रीच्या गाडीने तंजावर. गाडी पहाटे अंधारातच पोचली. मी लगेच बाहेर पडले नाही. चांगले उजाडेपर्यंत स्टेशनातच बसले. परक्या गावात अंधारात शिरू नये, हा नियम मी घरूनच करून निघाले होते. तासाभराने रस्त्यावर बायका झाडलोट करताना दिसल्या, दारापुढे रांगोळ्या पडू लागल्या, आणि मग मी पाऊल बाहेर टाकले.

पहिल्या लॉजवर माणसाने माझ्यामागे कोणी येते का ते पाहिले, आणि कोणी नाही म्हटल्यावर मान हलवली. एकट्या बाईला खोली नाही. वाईट वाटले, खोटे का सांगू? पण हुज्जत घातली नाही. दुसऱ्या ठिकाणी मालकाचे कुटुंब वरच्या मजल्यावर राहत होते, गॅलरीत लहान मुलांचे कपडे वाळत होते. तिथे गेले. दिवसाला सातशे रुपये भाडे. पैसे देण्याआधी मी खोली पाहिली. आतली कडी नीट बसते का, खिडकीला गज आहेत का, न्हाणीघरात पाणी आहे का, दाराला आपले कुलूप लागते का. घर भाड्याने घेताना आपण जे पाहतो तेच.

पहिला दिवस मी कोणतेही देऊळ पाहायचे नाही असे ठरवले होते. पहिल्या दिवसाची कामे तीन. पाणी कुठे मिळते, जेवण कुठे मिळते, आणि परतीची वाट कोणती. आंघोळ करून दोन तास झोपले आणि मग लॉजभोवती एक फेरी मारली. नंतर तिच्याबाहेरची दुसरी, मग तिसरी. आपण ठिपक्यांची रांगोळी मधल्या ठिपक्यापासून वाढवत नेतो ना, तसे शहर वाढवत न्यावे. संध्याकाळपर्यंत मला औषधाचे दुकान, केळीवाला, एक खानावळ, पोलीस चौकी आणि रिक्षांचा थांबा एवढे माहीत झाले. तंजावरला एक सोय फार चांगली आहे. राजराज चोळाने बांधलेल्या मोठ्या देवळाचे शिखर दोनशे फुटांहून उंच आहे. १०१० साली पुरे झालेले हे देऊळ आज हजार वर्षे गावाच्या डोक्यावर उभे आहे. ते कोणत्या बाजूला आहे हे ध्यानात ठेवले की माणूस फारसे चुकत नाही.

खानावळीत केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, दोन भाज्या आणि ताक. मी हाताने "पुरे" करत होते आणि वाढपी वाढतच होता. शेजारच्या बाईने हसून मला शब्द शिकवला, "पोदुम". म्हणजे पुरे. तो माझा पहिला तमिळ शब्द. मग मी कागदच काढला आणि दिवसभरात आठ शब्द बाळबोध लिपीत लिहून घेतले. तण्णी म्हणजे पाणी. सापाडु म्हणजे जेवण. एव्वळवु म्हणजे केवढ्याला. वेण्डाम म्हणजे नको. एंगे म्हणजे कुठे. नन्रि म्हणजे आभार. आणि अक्का म्हणजे थोरली बहीण. हा शब्द तर आपल्याही घरातला. भगिनींनो, आठ शब्दांत माझे चार दिवस निघाले. त्यातले "वेण्डाम" आणि "अक्का" हे दोन सगळ्यांत उपयोगी.

आता जे अवघड गेले ते सांगते. दिवस कामात जातो. तिन्हीसांजा जात नाहीत. दिवेलागणीला खोलीत बसले आणि हातांना काही काम नव्हते. पंचवीस वर्षांत त्या वेळी मी रिकामी बसले नव्हते. कुकर लावायचा नाही, कोणाची वाट पाहायची नाही. रस्त्यावरचे एवढे बोलणे कानावर पडत होते, त्यातला एक शब्द कळत नव्हता. पाट्यांची अक्षरे म्हणजे नुसती वेटोळी. मी शाळेत सातवीपर्यंत शिकले, पण वाचता येते याचा मला अभिमान आहे. त्या गावात मी निरक्षर झाले होते. घरी फोन केला. मुलीने विचारले, "आई, कसं वाटतंय?" मी म्हटले, "आज विचारू नकोस, परवा विचार." पहिल्या रात्रीच्या मनावर कोणताही निर्णय घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या देवळात गेले. देवळाचे वर्णन करत नाही, पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आवाराच्या कडेने चालता चालता नैऋत्येच्या बाजूला भिंतीवर दगडात कोरलेली अक्षरे दिसली. जवळ गेले, तर ती बाळबोध! आणि भाषा मराठी! दोन दिवस एक पाटी वाचता न आलेली मी, त्या भिंतीपुढे उभी राहून एकेक अक्षर लावू लागले. सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सारा इतिहास तिथे कोरून ठेवला आहे. फार मोठा लेख आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे तिकडे गेले, आणि त्यांच्या वंशाने १८५५ पर्यंत तिथे राज्य केले. शाळेत हा धडा मी पाठ केला होता. पण ती माणसेही कधी तरी परक्या मुलखात नव्याने उतरली होती, त्यांनाही पहिल्या दिवशी तिथली अक्षरे वेटोळीच वाटली असतील, हे मला त्या भिंतीपुढे कळले. जुनी मराठी, सगळी काही मला लागली नाही. तरी अर्धा तास हलले नाही.

संध्याकाळी खोलीत बसायचे नाही असे ठरवून मी देवळाबाहेर एका फूलवालीजवळ बसले. तिच्यापुढे मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीग होता. तिची बोटे भराभर चालत होती. मी खुणेने विचारले आणि दोरा हातात घेतला. आपले गुंफणे थोडे निराळे, तिने एकदा दाखवले, मग जमले. हातांना काम मिळाले आणि मन ठिकाणावर आले. निघताना तिने मला विचारले, "साप्टींगळा?" मला कळेना. तिने हाताचा घास करून तोंडाशी नेला. जेवलीस का, असे ती विचारत होती. तिकडे माणूस भेटले की हे विचारतातच. तीन दिवसांत मला हे विचारणारी ती पहिलीच.

म्हणून माझा दुसऱ्या दिवसाचा नियम असा की, परक्या शहरात एक तरी चेहरा ओळखीचा करावा. रोज त्याच दुकानात चहा-कॉफी घ्यावी, त्याच बाईकडून फुले घ्यावीत, एक-दोन रुपयांकडे पाहू नये. रोज दिसणारी बाई आज दिसली नाही, हे कोणाच्या तरी ध्यानात आले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी मी ज्या कामाला गेले ते केले. शहर बसने मुलीच्या संस्थेकडे निघाले. तमिळनाडूत २०२१ पासून साध्या शहर बसमध्ये बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत असे मी ऐकले होते. मला वाटले ते तिथल्याच बायकांना असेल. पण कंडक्टरने मलाही पैसे न घेता तिकीट फाडून दिले. आपल्याकडे त्याच वर्षी मार्चमध्ये एस.टी.चे अर्धे तिकीट सुरू झाले होते, तेव्हा मला त्याचे महत्त्व कळत होते. बाईच्या हातात पैसा नसला तरी तिला बाहेर पडता येते, ही लहान गोष्ट नाही. मुलींचे वसतिगृह बाहेरून पाहिले, आतल्या बाईंना भेटले, रात्री किती वाजेपर्यंत परतायचे ते विचारले. मुद्दाम संध्याकाळी त्याच रस्त्याने पायी चालून पाहिले. दिवे किती आहेत, दुकाने कधी मिटतात, बायका किती दिसतात. दिवसा पाहिलेल्या रस्त्यावरून पोरीची काळजी करता येत नाही.

परतताना एक माणूस बसथांब्यापासून माझ्या मागे लागला. मी थांबले की थांबायचा. मी खोलीकडे वळले नाही. आपला मुक्काम अशा माणसाला दाखवायचा नाही. सरळ फूलवालीकडे गेले आणि म्हटले, "अक्का!" आणि मागे बोट दाखवले. पुढे ती जे बोलली त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण त्या माणसाला सगळे कळले असावे. तिच्या शेजारच्या दोघी बायकाही उठल्या. तो गेला. तिने मला पाणी दिले आणि अंधार पडण्याआधी आपल्या मुलाला माझ्याबरोबर लॉजपर्यंत पाठवले.

माझे हात कापत होते. लॉजच्या मालकाच्या सुनेने ते पाहिले. तिला थोडे हिंदी येत होते. तिने मला वर आपल्या स्वयंपाकघरात नेऊन बसवले आणि पान वाढले. आणि काय सांगू, पानात उडदाच्या पिठाचे दह्यातले डांगर! ती म्हणाली, "डांगर पच्चडी." मी म्हटले, "आमच्याकडेही डांगरच!" मग तिने सांगितले, वांग्याची एक आमटी असते तिला रसवांगी म्हणतात, आणि दुसऱ्या एका प्रकाराला पिट्लै. रसा आणि वांगी, आणि आपले पिठले! पिट्लै त्यांची आपल्या पिठल्याहून बरीच निराळी, डाळीची आणि चिंचेच्या कोळाची, पण नाव ऐकून मला माहेर आठवले. पुरणपोळीला ते बोळी म्हणतात. मराठी राजांच्या मुदपाकखान्यातून ही नावे तिकडच्या चुलीवर गेली असे सांगतात. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या मुदपाकखान्याचे मराठी पाकशास्त्रही जपून ठेवले आहे. राज्य जाऊन पावणेदोनशे वर्षे होत आली. डांगर मात्र राहिले.

चौथ्या दिवशी मी पहिल्यांदा त्या गावात बिनकामाची फिरले. एका घरातून लाकूड तासण्याचा आवाज आला. मी मिरजेची, सतारमेकर गल्लीतला आवाज कानात भरलेला, पाय आपोआप थांबले. फणसाच्या लाकडाची वीणा चालली होती. आपल्याकडे भोपळ्याची सतार-तंबोरा, त्यांच्याकडे फणसाची वीणा. कारागिराला मी "मिरज" एवढेच म्हटले, आणि त्या म्हाताऱ्याने हातातले हत्यार खाली ठेवून मला बसायला पाट दिला. चौथ्या दिवशी ते गाव मला परके वाटेनासे झाले होते.

घरी आले ती सगळे सांगायचे ठरवूनच. खोली नाकारली ते, आणि तो मागे लागलेला माणूसही. यजमान म्हणाले, "हे ऐकून आई कशी हो म्हणेल?" पण लपवून मिळवलेल्या होकाराला काय अर्थ? मी सासूबाईंना म्हटले, असा माणूस आपल्या बाजारातही भेटतो. तिथे तो भेटला तेव्हा माझ्या बाजूने चार बायका उभ्या राहिल्या, हेही खरे आहे. आणि कोणाकडे जायचे, हे पोरीला मी आता सांगू शकते. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "डांगर करतात म्हणालीस तिथं?" मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, "मग माणसं बरी असतील. भरा फी."

मुलगी दोन वर्षे तिथे राहिली, २०२५ साली शिक्षण पुरे करून नोकरीला लागली. जाताना तिच्या सॅकमध्ये मी तो आठ शब्दांचा कागद घातला होता. तिने त्यावर पुढे किती तरी शब्द वाढवले.

भगिनींनो, तिनेच मला मागाहून एक गोष्ट वाचून दाखवली. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे बांधली होती. सरफोजी राजांनी इंग्रजांना लिहिलेल्या एका पत्रात तिथली रीत सांगितली आहे. कोणत्याही जातीचा वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळे, आजारी माणसाची शुश्रूषा होई, वाटेत अडलेल्या गरोदर बाईची सोय होई, आणि मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे का म्हणून पुकारत. ही परक्या मुलखात गेलेल्या आपल्याच माणसांनी परक्यांसाठी केलेली सोय. मला वाटते, ती फूलवालीही त्याच रीतीतली.

आपल्याला छत्र बांधता येणार नाही. पण दोन गोष्टी करता येतील. मंडळाच्या कपाटात एक वही ठेवावी. ज्या भगिनी ज्या गावी राहून आल्या असतील त्यांनी तिथली माहिती लिहावी. बायकांना सुरक्षित मुक्काम कुठे, कोणती गाडी अवेळी पोचते, उपयोगी चार शब्द कोणते. पुढच्या वर्षी कोणाची तरी लेक, सून निघेल, तिला ती उपयोगी पडेल. तंजावरचे पान मी आजच लिहून आणले आहे.

आणि दुसरी गोष्ट. आपल्या मिरजेत दवाखान्यांमुळे परगावच्या, कानडी मुलखातल्या बायका रोज उतरतात. कितीजणी स्टेशनबाहेर पिशवी धरून उभ्या असतात. त्यांना आपल्या पाट्या वाचता येत नाहीत. अशी बाई दिसली तर क्षणभर थांबावे आणि विचारावे, "जेवलात का?" भाषा कळली नाही तर हाताचा घास करून दाखवावा. तो सगळ्यांना कळतो.